सिंगिवेर ते जिंजर : आल्याच्या नावाचे मूळ

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



वर्धापन दिनाला बोलायचे म्हटले की धम्मावर बोलावे, चळवळीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. आज मात्र आम्ही एका शब्दावर बोलणार आहोत, आणि तोही इंग्रजी. तो शब्द आहे 'जिंजर', म्हणजे आपले आले. विषय ऐकून मागे कोणी हसले असेल तर आमची हरकत नाही. पण हा शब्द निवडण्यामागे कारण आहे. आज आपल्या वस्तीतली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत जातात. जावीत, अवश्य जावीत. पण त्याबरोबर एक गोष्ट घडताना दिसते. पोरांना घरच्या बोलीची लाज वाटू लागते. आजी 'आलं' म्हणते ते गावठी आणि पुस्तकातले 'जिंजर' ते शुद्ध, असे त्यांच्या मनात बसते. पूर्वी हाच भाव संस्कृतबद्दल होता. देवाची भाषा ती संस्कृत, आणि आपली ती अशुद्ध! भाषेची ही उतरंड खरी आहे का, हे आज एका शब्दाच्या निमित्ताने तपासून पाहू.

प्रथम आपले सोलापूर घ्या. सोलापूर हे नाव कशावरून पडले असे विचारले तर दहांतले नऊ जण सांगतील की सोळा गावे मिळून सोलापूर झाले. सोळा अधिक पूर. कानाला पटते, हिशेबही जुळतो. पण बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या काळी या गावाचे नाव 'सोन्नलिगे' असे होते. जुन्या शिलालेखांत आणि कन्नड वचनसाहित्यात ते सापडते. त्या 'सोन्नलिगे'त सोळा नाही आणि पूरही नाही. म्हणजे मूळचे नाव झिजत बदलत गेले, लोक त्याचा अर्थ विसरले, आणि मग कानाला जवळची वाटणारी 'सोळा'ची गोष्ट कोणीतरी जोडून दिली. भाषेचे अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. शब्द आधी असतो, गोष्ट मागाहून येते. हे नीट लक्षात ठेवा, कारण आल्याच्या बाबतीतही असेच घडले आहे.

मग शब्दाचे खरे मूळ शोधायचे कसे? त्याला तीन साक्षीदार लागतात. पहिला साक्षीदार म्हणजे जुना लेखी पुरावा, शब्द कोणत्या काळी कोणत्या ग्रंथात आला तो. दुसरा म्हणजे उच्चाराचा नियम, कोणते अक्षर बदलून कोणते होते ते. आणि तिसरा म्हणजे वस्तूचा रस्ता. वस्तू ज्या वाटेने गेली, नावही बहुधा त्याच वाटेने जाते. नुसते कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. इंग्रजीत 'जिंजरली' असा शब्द आहे, त्याचा अर्थ जपून, हलक्या हाताने. मुलांना वाटेल की तो 'जिंजर'वरूनच आला. पण त्याचा आल्याशी संबंध नाही. तो बहुधा 'नाजूक' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आलेला आहे. म्हणून सावध राहावे लागते.

आता आपण इंग्रजीकडून मागे मागे चालत जाऊ. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, औषधाच्या पाककृतींत, 'जिंजिफेर' असा शब्द मिळतो. त्यातल्या 'फ'चा उच्चार 'व'च्या जवळचा होता. पुढे 'जिंजिवेरे' असे रूप झाले, मधला 'व' झिजून गेला आणि 'जिंजर' उरला. जुन्या फ्रेंचमध्ये 'जिंजिव्र' होते. त्याच्या मागे गेले की लॅटिन लागते, तिथे 'झिंगिबेर'. लॅटिनने हा शब्द घेतला ग्रीकांकडून, तिथे 'झिंगिबेरिस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने औषधी वनस्पतींवर लिहिले, त्यात हे नाव आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी यालाही ते माहीत होते. काही लोक आल्याला मिऱ्याच्या झाडाचे मूळ समजतात, पण ते तसे नाही, असा खुलासा त्याने केला आहे. म्हणजे बघा, रोमच्या बाजारात आले पोचले होते, पण ते कोणत्या रोपाचे हे तिथल्या लोकांना ठाऊक नव्हते. माल आला आणि मालाबरोबर नाव आले.

हे नाव ग्रीकांना मिळाले कोठून? उपासक-उपासिकांनो, आता आपण आपल्या घरी आलो. पाली भाषेत आल्याला शब्द आहे 'सिंगिवेर'. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र खंधक आहे. आजारी भिक्खूंना कोणती औषधे चालतील हे भगवान बुद्धांनी त्यात सांगितले आहे. मुळांच्या औषधांची यादी आहे, तिच्यात हळद आहे, सिंगिवेर म्हणजे आले आहे, वेखंड आहे, अतिविष आहे, कुटकी आहे, वाळा आहे, नागरमोथा आहे. पुढे फळांच्या औषधांत पिंपळी, मिरे, हिरडा, बेहडा, आवळा आहे. आणि ही मुळे कुटायची कशी, तर त्यासाठी भिक्खूंना पाटा-वरवंटाही वापरण्याची परवानगी दिलेली आहे. आमच्या भगिनींनी हे मुद्दाम ऐकावे. खोकला झाला की तुम्ही पाट्यावर जे वाटता, जवळजवळ तीच यादी महावग्गात आहे. फक्त त्या यादीत मिरची नाही. कारण मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेकडून आली, आणि मिऱ्यासारखी तिखट म्हणून तिला मिऱ्याचेच नाव मिळाले.

आता कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे, की संस्कृतातही 'शृंगवेर' हा शब्द आहे, मग ग्रीकांनी तो संस्कृतातून घेतला नाही कशावरून? इथे दुसरा साक्षीदार बोलावू. संस्कृत शब्दात सुरुवातीला 'शृ' आहे, म्हणजे त्यात 'र'चा ध्वनी आहे. आणि मध्ये 'ग' आहे, 'शृं-ग-वेर'. ग्रीक शब्दात सुरुवातीला 'र'चा मागमूस नाही, आणि मध्ये 'गि' आहे, 'झिं-गि-बेरिस'. आता पालीशी ताडून पाहा, 'सिं-गि-वेर'. जोडी कोणाशी जुळते हे शाळेतले पोरही सांगेल. शेवटच्या 'व'चा ग्रीकांनी 'ब' केला, त्यात नवल नाही. आपणही 'वन' शब्दाचे 'बन' करतोच, केतकीचे बन म्हणतोच. म्हणून अभ्यासक म्हणतात की हा शब्द पश्चिमेकडे गेला तो पाली-प्राकृताच्या रूपात गेला.

आणि तसे होणे स्वाभाविकच होते. बंदरावर माल चढवणारा, गाडी हाकणारा, तराजू धरणारा माणूस त्या काळी प्राकृत बोलत होता. याचा पुरावा आपल्या महाराष्ट्राच्या डोंगरांत कोरलेला आहे. कार्ले येथील चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत यवन आहेत. धेनुकाकट गावचा सिंहदत नावाचा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. सुतारही आहे. हे सर्व लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत आहेत. तिसरा साक्षीदार, म्हणजे वस्तूचा रस्ता, तोही आपल्याला जवळचा आहे. 'पेरिप्लस' नावाचे पहिल्या शतकातले एक ग्रीक प्रवासवर्णन आहे. त्यात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांचा माल गाड्यांतून भरूच बंदराला जात असे, असे म्हटले आहे. हे तगर म्हणजे आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथल्या कापडाचा उल्लेख त्या पुस्तकात आहे, आणि भरूचहून परदेशी जाणाऱ्या मालात पिंपळीही आहे. ही 'पिप्पली' ग्रीकात 'पेपेरी' झाली, लॅटिनात 'पिपेर' झाली आणि इंग्रजीत 'पेपर' झाली. पुढे ते नाव पिंपळीपेक्षा मिऱ्यालाच अधिक चिकटले, एवढाच फरक.

'सिंगिवेर' एकाच दिशेला गेला असे नाही. तो अरबीत 'जंजबील' झाला. कुराणाच्या शहात्तराव्या सूरहमध्ये हा शब्द आलेला आहे, आणि युनानी औषधांत आजही आल्याला जंजबीलच म्हणतात. फ्रेंच लोक 'जांजांब्र' म्हणतात, जर्मन 'इंगवर' म्हणतात, सिंहली बांधव 'इंगुरू' म्हणतात. शास्त्रीय नावातही तो आहे. सन १८०७ मध्ये रॉस्को या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने आल्याला 'झिंजिबेर ऑफिसिनेल' असे नाव दिले. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ औषधाच्या दुकानातले, म्हणजे औषधी. महावग्गाने ज्याला औषधांत बसवले, त्याला विज्ञानानेही औषधी म्हणूनच नाव दिले.

इथपर्यंत ऐकून टाळ्या वाजवाव्यात असे वाटेल. इंग्रजांचा शब्द आमच्या पालीतून गेला! पण बंधु-भगिनींनो, टाळ्या जरा थांबवा. अजून एक पायरी मागे जायचे आहे, आणि खरी कसोटी तिथे आहे.

संस्कृत कोशकारांनी 'शृंगवेर' या शब्दाची फोड अशी केली की शृंग म्हणजे शिंग आणि वेर म्हणजे अंग, शरीर. ज्याचे अंग शिंगासारखे ते शृंगवेर. आल्याचा गड्डा पाहिला तर त्याला शिंगे फुटल्यासारखी दिसतात, म्हणून ही फोड छान पटते. पण ही गोष्टसुद्धा 'सोळा गावां'सारखीच आहे. तमिळ आणि मलयाळममध्ये आल्याला 'इंजी' म्हणतात. आणि तमिळमध्ये मुळाला 'वेर' म्हणतात. आता सोलापूरकरांना आम्ही एक काम सांगतो. पूर्व भागातल्या एखाद्या तेलुगू शेजाऱ्याला विचारा, झाडाच्या मुळाला तुमच्यात काय म्हणतात? तो सांगेल, 'वेरु'. मग अक्कलकोटकडच्या कन्नड माणसाला विचारा. तो सांगेल, 'बेरु'. म्हणजे 'सिंगिवेर' यातला 'वेर' हा शरीर नव्हे, तो मूळ आहे. सबंध शब्दाचा अर्थ होतो, आल्याचे मूळ.

मग 'इंजी'च्या पुढे 'स' कसा आला? येथे उलट पाहायचे. 'स' आला नाही, दक्षिणेकडच्या भाषांतून तो गळाला. द्रविड भाषांत शब्दाच्या सुरुवातीचा 'च' किंवा 'स' पुष्कळदा गळून गेलेला दिसतो. सहा या आकड्याला तेलुगूत 'आरु', कन्नडात 'आरु', तमिळमध्येही 'आरु'च म्हणतात. पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचे गोंड बांधव 'सारूंग' म्हणतात. गोंडीने जुना 'स' जपून ठेवला, इतरांचा गेला. तसेच आल्याचे झाले. सुरुवातीच्या ध्वनीसकट हा शब्द उत्तरेकडे आला, पालीत 'सिंगिवेर' म्हणून राहिला, आणि पुढे दक्षिणेत तो ध्वनी गळून 'इंजी' उरले. मग कधीतरी संस्कृत पंडितांनी त्याला शिंग लावून 'शृंगवेर' केले.

याचा अर्थ काय झाला? जो शब्द पवित्र भाषेतून खाली आला असे सांगितले जात होते, तो उलट खालून वर गेलेला निघाला. मातीतून मूळ उपटणाऱ्या, ते धुऊन वाळवून बाजारात आणणाऱ्या कष्टकऱ्यांनी ते नाव ठेवले. त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथात नाही. पण त्यांनी ठेवलेले नाव लंडनच्या दुकानात आहे.

आणि आपल्यालाही यातून धडा आहे. सगळे काही पालीतून निघाले असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरला पाहिजे. ज्यांनी आपल्याला सांगितले की सगळे संस्कृतातूनच आले, त्यांचीच चूक आपण द्रविड बोलणाऱ्या बांधवांच्या बाबतीत करायची काय? पालीने हा शब्द दुसऱ्याकडून घेतला, जपला आणि पुढे दिला. पालीचा मोठेपणा यात आहे. कोणीतरी सांगितले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, ऐकायला बरे वाटते म्हणून मानू नका, हा उपदेश भगवंतांनी कालामांना केला. तो दुसऱ्यांच्या ग्रंथांना लागू आणि आपल्या अभिमानाला लागू नाही, असे होत नाही.

भाषेच्या उतरंडीबद्दल तर तथागतांची भूमिका अगदी स्पष्ट आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भाऊ भिक्खू झाले होते. त्यांनी तक्रार केली की नाना कुळांतले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बोलून बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बसवावे. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकण्यास अनुमती दिली. मज्झिमनिकायातल्या अरणविभंग सुत्तात तर एका साध्या भांड्याचा दाखला आहे. एकाच भांड्याला कुठे पाती म्हणतात, कुठे पत्त, कुठे सराव, कुठे पोण. ज्या मुलखात जो शब्द चालतो तो वापरावा, माझाच शब्द खरा आणि बाकी खोटे असा हट्ट धरू नये. तंटा नको असेल तर हे पाळा, असे त्या सुत्ताचे सार आहे. सोलापुरात एकाच बाजारात मराठी बाई आले मागते, तेलुगू बाई अल्लम मागते, कन्नड बाई हशी शुंठी मागते आणि मुस्लिम भगिनी अद्रक मागते. भाजीवाली चौघींनाही बरोबर देते. अरणविभंग सुत्त तिने वाचलेले नसेल, पण ती ते रोज पाळते.

राहता राहिला आपला घरचा शब्द. तो तरी गावठी आहे काय? मराठीतले 'आले' हे संस्कृतात 'आर्द्रक' आहे, आणि 'आर्द्र' म्हणजे ओले. पालीत ओल्याला 'अल्ल' म्हणतात, आणि ताज्या आल्याला 'अल्ल-सिंगिवेर' असा शब्द आहे. आपला 'ओला' हाही त्याच मुळाचा. म्हणजे आलं म्हणजे ओलं, आणि वाळले की सुंठ. आजी 'आलं' म्हणते तेव्हा ती अडीच हजार वर्षांची ओल तोंडात घेऊन बोलते. हिंदीचे अद्रकही याच घरातले. लाज वाटावी असे यात काय आहे?

शेवटी एक गोष्ट सांगून आम्ही आमचे भाषण संपवतो. परमपूज्य बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते त्यांना शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. एखाद्याने राग धरून भाषेचे नावच टाकले असते. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या बळावर संस्कृत शिकून घेतले, आणि पालीचा अभ्यास केला तो इतका की पालीचे व्याकरण आणि कोश तयार करण्याचे काम हाती घेतले. ते काम महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध केले. चळवळ, राज्यघटना, मंत्रिपद, आजारपण, एवढे सगळे असताना हा माणूस शब्दांचे अर्थ लिहीत बसला होता. का? कारण ज्याच्या हाती शब्दाचा अर्थ असतो, त्याच्या हाती माणसाची पायरी असते. तो अर्थ दुसऱ्याने सांगायचा आणि आपण मान डोलवायची, हे त्यांना मोडायचे होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने पाली, प्राकृत आणि मराठी या भाषांना, आसामी व बंगालीबरोबर, अभिजात भाषेचा दर्जा दिला. चांगले झाले. पण दर्जा कागदावर मिळतो, भाषा तोंडात आणि वहीत राहते. म्हणून आमची या विहाराला सूचना आहे. वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा एका मुलाने वही घेऊन बसावे. वाचनात येणारा एक पाली शब्द, त्याच्यासमोर घरात बोलतो तो मराठी शब्द, आणि शेजारी तेलुगू, कन्नड, उर्दू घरात म्हणतात तो शब्द, असे रोज लिहावे. शेजाऱ्यांच्या दारात जाऊन विचारून लिहावे, अंदाजाने लिहू नये. वर्षावासाच्या तीन महिन्यांत नव्वद शब्द होतील. पुढच्या वर्धापन दिनाला ती वही येथे वाचून दाखवा, आम्ही श्रोत्यांत बसून ऐकू.



जयभीम! नमो बुद्धाय!